किल्ली कोणी दिली?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव आलिशान मोटारीने मोटारसायकलीला धडक दिली आणि तिच्यावरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालवीत असल्याचा आरोप ज्याच्यावर आला तो मुलगा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना रस्ते-अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. तो संताप अकारण नव्हता. तथापि त्या दिवसांत कचेऱ्यांतून, शिक्षकांच्या खोल्यांतून आणि चहाच्या टपऱ्यांवर जी चर्चा झाली, तिचा सारा रोख मोटारीच्या किमतीवर आणि मुलाच्या घरच्या श्रीमंतीवर होता. ज्या घरांत ही चर्चा रंगली, त्यांपैकी कित्येक घरांतील अकरावी-बारावीचा मुलगा दारातली स्कूटर काढून त्याच वेळी शिकवणीला गेलेला होता, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कायद्याच्या दृष्टीने पाहता मोटार कोट्यवधींची असो वा स्कूटर लाखाच्या आतली, परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाच्या हाती ती सोपविणे हा एकाच जातीचा गुन्हा आहे. गुन्ह्याच्या बाबतीत तरी श्रीमंत आणि मध्यमवर्गीय यांच्यात कायद्याने भेद केलेला नाही.

हा प्रश्न सामान्यतः ‘आजकालची मुले’ या सदराखाली मांडला जातो. मुले बेफाम झाली, त्यांना वेगाचे वेड लागले, मोबाईलने त्यांचे डोके फिरविले, असा निवाडा मोठी माणसे सहजपणे देऊन टाकतात. वस्तुतः सोळा वर्षांचा मुलगा गाडी विकत घेऊ शकत नाही, तिची नोंदणी स्वतःच्या नावे करू शकत नाही, तिचा हप्ता भरू शकत नाही आणि बहुतेक घरांत पेट्रोलचे पैसेही त्याच्याजवळ नसतात. दाराशेजारच्या खिळ्याला अडकविलेली किल्ली त्याच्या हाती येते, ती कोणीतरी दिलेली असते म्हणून. निदान कोणी नाकारलेली नसते म्हणून. तेव्हा या प्रश्नाचा विचार मुलांच्या वर्तनापासून सुरू न करता मोठ्यांच्या हिशेबापासून सुरू करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

आधी या संकटाची व्याप्ती पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. महाराष्ट्राचा वाटा १५,२२४ मृत्यूंचा होता. देशभरातील मृतांपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसताना मृत्यू आलेल्यांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत सुमारे चौदा हजार मागे बसलेले होते. अठरा वर्षांखालील मृतांचा आकडा ९,५२८, म्हणजे दिवसाला सव्वीस. यांत पादचारी मुले आहेत, आईवडिलांच्या मागे बसलेली मुले आहेत आणि स्वतः गाडी हाकणारीही आहेत. भारतात जगातील सुमारे एक टक्का वाहने आहेत आणि रस्त्यांवरील मृत्यूंपैकी सुमारे अकरा टक्के येथे होतात, असे जागतिक बँकेने २०२१ साली नमूद केले होते. एवढ्या आकड्यांवर थांबणे बरे. आकडे वाढविल्याने दुःख अधिक समजते असे नाही.

घरातला हिशेब

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातील एक साधे नोकरदार कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडील कचेरीत लिपिक, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, मुलगा अकरावी विज्ञान शाखेत. भौतिकशास्त्राची शिकवणी पहाटे सहाला गावाच्या एका टोकाला, कनिष्ठ महाविद्यालय अकराला दुसऱ्या टोकाला, संध्याकाळी गणिताची शिकवणी तिसऱ्याच ठिकाणी आणि ती सुटते आठला. शहर बससेवा असलीच तर ती पहाटे सहाला नसते. रिक्षा एकट्याने करणे परवडत नाही आणि वाटून घ्यायची तर चौघे जमेपर्यंत थांबावे लागते. मूल खेड्यातून येणारे असेल तर एस.टी.ची पहिली गाडी शिकवणी सुरू झाल्यावर पोहोचते आणि शेवटची गाडी शिकवणी सुटण्यापूर्वी निघून जाते. मग उरते वडाप. आईवडील दोघेही साडेनवाला घराबाहेर पडणारे. त्यांनी पोहोचवायचे कोणी आणि आणायचे कोणी? दारात मात्र एक गाडी उभीच आहे. अशा घरात किल्ली मुलाच्या हाती जाते तेव्हा त्यामागे लाडापेक्षा अगतिकता अधिक असते. लाडाने दिलेल्या किल्ल्या नसतात असे नाही. दहावीला नव्वद टक्के मिळाल्याचे बक्षीस म्हणून आलेल्या मोटारसायकली गल्लोगल्ली दिसतात आणि त्यांचे पेढेही वाटले जातात. परंतु प्रश्नाचा मोठा भाग पेढ्यांचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

एके काळी या प्रश्नावर टंचाईनेच तोडगा काढला होता. सत्तरच्या दशकात स्कूटरची नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. इतक्या खटपटीने मिळालेली वस्तू वडील स्वतःच फडक्याने पुसून जपून वापरीत. सोळा वर्षांच्या मुलाने तिला हात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. मुलगा सायकलने जाई. आज स्कूटर सकाळी पसंत करून संध्याकाळी घरी आणता येते, थोडे पैसे रोख आणि बाकीचे हप्त्याने. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ८० लाख दुचाकी विकल्या गेल्या. ही समृद्धी वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. दुचाकीने लाखो शिक्षिकांना, परिचारिकांना, कारकुनांना दूरची नोकरी पत्करण्याचे बळ दिले. मुलींच्या स्वातंत्र्याला तर तिचा हातभार मोठाच आहे. परंतु वस्तू स्वस्त झाली, सुलभ झाली आणि तिच्या वापराची शिस्त मात्र टंचाईबरोबरच गेली, हे मान्य केले पाहिजे. सायकलीची तर प्रतिष्ठाच गेली. तीन-चार किलोमीटरवरच्या महाविद्यालयात सायकलने येणारा मुलगा आज संकोचाने ती कोपऱ्यात लावतो.

कायद्यातील दोन वर्षे

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमाने वाहन चालविण्याचे किमान वय अठरा ठरविले आहे. त्याला एक अपवाद ठेवला: ५० घन सेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल सोळाव्या वर्षी परवाना घेऊन चालविता येते. कायदा झाला त्या काळात हा अपवाद अगदी व्यवहार्य होता. १९७२ पासून रस्त्यावर आलेली लूना आणि तिच्या जातीच्या मोपेड घरोघर होत्या. त्यांचा वेग बेताचा, वजन हलके, चढावर पायडल मारण्याची सोय. पुढे या गाड्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. आज दुकानात उभी असलेली साधी स्कूटरही १०० ते १२५ घन सेंटीमीटरची असते. म्हणजे अपवाद पुस्तकात शिल्लक राहिला आणि ज्या वस्तूसाठी तो होता ती संपली. अकरावी आणि बारावी ही नेमकी ती दोन वर्षे, जेव्हा मुलाचे फिरणे एकाएकी वाढते, आणि नेमक्या त्याच दोन वर्षांसाठी कायदेशीर असे वाहन त्याच्याजवळ नसते. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटच्या आतील शक्तीच्या विजेच्या गाड्यांना नोंदणी व परवाना लागत नाही, ही एक फट अलीकडे उघडली आहे. पण तिचाही गैरवापर होतो. वेगाची मर्यादा काढून टाकलेल्या अशा गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाला २०२२ मध्ये मोहीम हाती घ्यावी लागली.

अठरा ही संख्या मनमानी आहे का? काही अंशी प्रत्येक वयोमर्यादा मनमानीच असते. परंतु मेंदूच्या वाढीविषयी जे ज्ञान आज उपलब्ध आहे ते कायद्याच्या बाजूने बोलते. धोक्याचे मोजमाप आणि मनाचा आवर यांच्याशी संबंधित असा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींना संगणकावर मोटार हाकण्याचा खेळ खेळायला दिला होता. मित्र भोवती असताना तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी पत्करलेली जोखीम एकटे असतानाच्या मानाने पुष्कळच वाढली. प्रौढांवर मित्रांच्या उपस्थितीचा तसा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे ‘ट्रिपल सीट’ जाणाऱ्या मुलांकडे पाहताना हा प्रयोग आठवावा. तिथे गाडीवर वजन तिघांचे असतेच. शिवाय हाकणाऱ्याच्या पाठीशी दोन प्रेक्षक बसलेले असतात.

दंड की भाडे?

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा वाढल्या. परवाना नसताना वाहन चालविणे आणि परवाना नसलेल्यास ते चालवू देणे, या दोन्ही अपराधांना प्रत्येकी पाच हजार रुपये. त्याखेरीज १९९ अ हे नवे कलम आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जाईल, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होईल, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होईल आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळणार नाही, अशी ही तरतूद आहे. पालकाच्या संमतीनेच गाडी वापरली गेली, असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार पालकावर आहे. किल्ली कोणी दिली, हा प्रश्न कायद्याने अशा रीतीने स्पष्टपणे विचारला, ही या दुरुस्तीची जमेची बाजू होय.

तरीही रस्त्यावरचे चित्र फारसे का बदलले नाही? गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवून दिले होते की शिक्षेचा धाक दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असतो: शिक्षा किती मोठी आणि ती होण्याची शक्यता किती. दुसरा आकडा शून्याच्या जवळ असेल तर पहिला कितीही फुगविला तरी गुणाकार लहानच येतो. एक काल्पनिक पण वास्तवापासून फार दूर नसलेले उदाहरण घेऊ. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत मुलाने हजार फेऱ्या केल्या, पोलिसांनी त्याला एकदा अडविले आणि दोन्ही अपराधांचे मिळून दहा हजार रुपये भरावे लागले, तर दर फेरीस दहा रुपये पडले. तेवढ्यात वाटून घेतलेली रिक्षाही मिळत नाही! लिपिकाच्या घरात हा हिशेब कागदावर कोणी मांडीत नाही, पण मनाशी तो झालेला असतो. १९९ अ कलमाचा धाक याहून मोठा आहे खरा. परंतु या अपराधाची रस्त्यातल्या रस्त्यात दंड घेऊन तडजोड करता येत नाही, खटला न्यायालयात उभा करावा लागतो. चौकातील हवालदाराला समोर उभा असलेला शाळकरी पोरगा आणि फोनवर गयावया करणारे त्याचे वडील दिसत असतात. तो बहुधा समज देऊन सोडतो किंवा साधे चलान फाडतो. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर काही वेगळे करता, असे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. इस्रायलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येतात म्हणून काही पाळणाघरांनी दंड सुरू केला. उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढले. आणि दंड रद्द केल्यावरही ते पूर्वीइतके खाली आले नाहीत. पूर्वी उशीर करताना बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटे. दंड भरू लागल्यावर ती लाज गेली, कारण पालक आता जादा वेळेचे भाडे भरीत होते. आपल्याकडील ई-चलानाचे असेच काहीसे झाले आहे. मोबाईलवर संदेश येतो, रक्कम साचते, केव्हातरी लोकअदालतीत सवलतीने मिटविली जाते. शेजाऱ्याला ते सांगताना आवाज खाली जात नाही.

या हिशेबात दोन मोठ्या रकमा धरलेल्याच नसतात. पहिली रक्कम परक्याची आहे. मुलाच्या गाडीखाली येणारा भाजीवाला, पहाटे फिरायला निघालेले निवृत्त गृहस्थ, शाळेत जाणारी लहान मुलगी यांनी या सौद्याला संमती दिलेली नसते, त्यातून वाचलेल्या रिक्षाभाड्यात त्यांचा वाटा नसतो, पण किंमत मात्र त्यांनी मोजायची असते. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली ज्या दोषाचे विवेचन केले, खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीचा, त्याचे याहून ठळक उदाहरण वर्गात शिकविण्यासाठी शोधूनही सापडणार नाही.

दुसरी रक्कम विम्याची. गाडीचा विमा आहे, तेव्हा काही झाले तर कंपनी पाहून घेईल, असा एक गोड समज घरोघर आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. परवाना नसलेल्या चालकाकडून कोणी मेला किंवा जायबंदी झाला, तर न्यायाधिकरण पीडितांना भरपाई देण्याचा आदेश विमा कंपनीला देऊ शकते. परंतु ती रक्कम कंपनीला वाहनमालकाकडून वसूल करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यातील निकालाने हे तत्त्व पक्के केले. २०११ च्या दुसऱ्या एका निकालात अल्पवयीन मुलाने चालविलेल्या मोटारसायकलीचाच प्रश्न होता. मुलाने गाडी आपल्या नकळत नेली, ही मालकाची सबब तेथे चालली नाही. गाडीचा गैरवापर होणार नाही हे पाहणे मालकाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. भरपाईच्या रकमा लाखांत असतात. लिपिकाच्या भविष्यनिर्वाह निधीतून, पतपेढीच्या कर्जातून किंवा गावाकडच्या जमिनीतून त्या फेडाव्या लागतात. आणि मुलगाच गेला तर? मालक-चालकासाठी सक्तीचे असलेले पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वैध परवाना असलेल्या मालकासाठी आहे. आपल्याच चुकीने पडलेल्या विनापरवाना मुलाच्या घरच्यांच्या हाती त्यातून काही पडत नाही. हप्ता मात्र चालू राहतो.

हातातला दुसरा धोका

या सगळ्यात मोबाईलने भर घातली आहे. २०२२ मध्ये वाहन चालविताना मोबाईल वापरल्यामुळे झालेल्या अपघातांत ३,३९५ जण दगावल्याची सरकारी नोंद आहे. ही नोंद कमीच म्हटली पाहिजे. धडकेनंतर मोबाईल गटारात किंवा बघ्यांच्या खिशात गेलेला असतो आणि पंचनाम्यात ‘अतिवेग’ एवढेच लिहिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोबाईल वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात मोकळे ठेवणारी साधने वापरली तरी तो फारसा कमी होत नाही. हे मोटारीविषयी झाले. दुचाकीला तर तोलही सांभाळायचा असतो. शिवाय बिनगिअरच्या स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असतात. डाव्या हातात मोबाईल आला म्हणजे मागचा ब्रेक सुटला. उरला पुढचा, आणि रस्त्यावर वाळू पसरलेली असेल तर एकट्या पुढच्या ब्रेकने गाडी हमखास घसरते. हेल्मेट आणि गाल यांच्यामध्ये मोबाईल खोचून बोलत जाणारे वीर आहेत, ते आपण दोन्ही हातांनी गाडी धरली आहे या समाधानात असतात. त्यांची मान एका अंगाला कललेली असते आणि मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा त्या कानाला ऐकू येत नाही.

ऊसपट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साखर कारखाने चालू असतात. दिवस मावळल्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या, बहुधा दोन-दोन, मागे धड लाल दिवा नसताना रस्त्याने चाललेल्या किंवा टायर फुटल्याने कडेला उभ्या असतात. शिकवणी आठला सुटते. सांगली-कोल्हापूरकडे, नगर-सोलापुरात, लातूरकडे हजारो मुले याच वेळी तालुक्याहून गावाकडे निघतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. खिशातील मोबाईल थरथरला, तो काढून कोणाचा फोन आहे एवढे पाहायला तीन सेकंद लागले, तर गाडी तेहतीस मीटर पुढे गेलेली असते, आणि उजळ पडद्याने दिपलेले डोळे अंधाराला पुन्हा सरावायला आणखी वेळ लागतो. ट्रॉलीच्या मागे आलेले उसाचे वाढे तोवर अगदी समोर आलेले असते.

आणि तो फोन कोणाचा असतो? पुष्कळदा घरचाच. आठ वाजून गेले, अजून आला नाही, म्हणून आई फोन लावते: ‘कुठे आहेस?’ उत्तर आले नाही तर काळजीपोटी दोन मिनिटांनी पुन्हा लावते. मुलाला ठाऊक असते की उचलला नाही तर घरी बोलणी बसतील. किल्ली देणारे हात आणि फोन लावणारे हात एकाच घरातले असावेत, ही या शोकान्तिकेतील सर्वांत विचित्र गोष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरून मोबाईल वापरणे स्पष्टपणे धोकादायक वाहनचालनात घातले आणि पहिल्याच अपराधाला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद ठेवली. पण फोन करणाऱ्याला कोणताच कायदा विचारीत नाही, आणि विचारूही शकणार नाही. घरोघरी पोहोचविणाऱ्या सेवांतील तरुणांची गोष्ट निराळी आहे. त्यांना पत्ता आणि मागणी मोबाईलवरच येते, घड्याळ त्यांच्या मागे लागलेले असते. त्यांना दोष देण्याआधी ते घड्याळ लावणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे. शाळकरी मुलाच्या मागे असे घड्याळ नाही. त्याच्या घरचा फोन गाडी निघण्यापूर्वी किंवा पोहोचल्यावर येऊ शकतो, आणि शिकवणीतून निघताना मुलाने घरी एक फोन करून तो दप्तराच्या तळाशी टाकणे हे काही अवघड नाही.

उपाय म्हणून दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होते. फलक लागतात, शपथ घेतली जाते, चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येणाऱ्याला कंपासपेटी मिळते. स्पर्धेला आलेल्यांपैकी किती जण स्वतः गाडी चालवीत आले, हे पाहण्यासाठी आयोजकांनी शाळेच्या फाटकाबाहेर दोन मिनिटे उभे राहिले तरी पुरे. महाविद्यालये ‘विनापरवाना वाहनांस आवारात प्रवेश नाही’ अशी पाटी लावतात. परिणामी गाड्या समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे उभ्या राहतात आणि दुकानदार दहा रुपये घेतो. नाकाबंदी हवी, पण ती वर्षातून एक आठवडा गाजावाजा करून घेण्यापेक्षा शिकवण्या सुटण्याच्या वेळी, त्याच गल्लीत, महिन्यातून चार वेळा अचानक झाली तर बेकरच्या गुणाकारातील दुसरा आकडा वाढेल. दंडाची रक्कम आणखी वाढविण्याची गरज नाही. नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द करण्याची जी तरतूद आहे ती दहा घरांत जरी खरोखर अमलात आली, तरी तालुक्यात तिची वार्ता पसरेल, कारण गाडी दारात झाकून ठेवावी लागल्याचे शेजाऱ्यांपासून लपत नाही.

परंतु किल्ली काढून घेतली तर मुलाने जायचे कसे, याचे उत्तर दिल्याशिवाय केवळ शिक्षेवर भर देणे अन्यायाचे होईल. एस.टी. विद्यार्थ्यांना मासिक पासात सुमारे दोन-तृतीयांश सवलत देते. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली पास मोफत आहे, आणि मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या धावतात. म्हणजे राज्याने या कामावर पैसा खर्चलेला आहे. नाही तो गाडीच्या वेळेचा विचार. स्वस्त पास खिशात असून गाडीच सोयीच्या वेळी नसेल तर पासाची किंमत शून्य. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात ग्रामीण घरांना बसशिवाय दिवस काढण्याची सवय लागली, आणि अशी सवय एकदा लागली की गाडी पुन्हा सुरू झाल्यावर प्रवासी आपोआप परत येत नाहीत. शिकवण्यांच्या चालकांनाही या बाबतीत मोकळे सोडण्याचे कारण नाही. पहाटे सहाची तुकडी भरविणाऱ्याने मुले कशाने येतात याची चौकशी करू नये, ही सोयीस्कर उदासीनता आहे. तुकडीची वेळ बसच्या वेळेशी अर्ध्या तासाने जुळवून घेतल्याने कोणत्याही परीक्षेतील गुण घटत नाहीत.

या कामासाठी नवी समिती नेमण्याचीही जरुरी नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. कोणत्या गावचा विद्यार्थी कोणत्या महाविद्यालयात गेला, याची यादी त्यामुळे सरकारच्या संगणकात तयार आहे. अर्जात एकच रकाना वाढवावा: येण्याजाण्याचे साधन. ही गावनिहाय संख्या शिक्षण विभागाने नावे वगळून प्रवेश संपताच एस.टी.च्या आगार व्यवस्थापकाकडे आणि शहर बससेवेकडे पाठवावी. कोणत्या मार्गावर साठ मुले आहेत आणि पहिली गाडी साडेसहाऐवजी साडेपाचला सोडली तर ती भरते की नाही, हे त्याला सत्राच्या पहिल्या महिन्यातच पाहता येईल.